बॉनेटवरचा डाग म्हणे!

कोल्हार, मंगळवार, सायंकाळ

वडिलांची उघड्या टपाची अमेरिकन मोटार पाहण्यास आज पुण्याचे एक संग्राहक आले. मोटार पसंत पडली. मग बॉनेटवर बोट ठेवून म्हणाले, "आजोबा, हा लाल डाग तेवढा काढून ठेवा. उद्या न्यायला येतो."

डाग! दर दसऱ्याला सौभाग्यवती तेथे कुंकवाचे स्वस्तिक रेखते. ते रंगात मुरले आहे. मी व्यवहार मोडणारच होतो, तोच ही म्हणाली, "काढते की. दसऱ्याला पुन्याला येऊन परत रेखीन!" सर्व हसले. यात हसण्यासारखे काय होते?

मघापासून ही अंगणात खोबरेल लावून तो डाग घासत आहे. डाग कसला, स्वस्तिक! माझ्याही लेखणीतून तोच शब्द उतरावा?

आताच ओरडली, "अहो, निघत न्हाई!"

"मग उद्या मोटारही निघणार नाही," मी सांगितले.