शेवटचा ओला हात

अप्पा,

परवा लोहा गावाहून काम घेऊन आलेल्या एका काकांचा ट्रॅक्टर पूर्ण झाला. खरा नव्हे, तळहातावर मावेल एवढा. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग चष्मा पुसून बॉनेटच्या कडेपाशी वाकला असतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तुम्ही देवाघरी गेल्यावर आई आणि मी लातूर सोडून नांदेडला आलो. माझी शाळा अकरावीत सुटली ती सुटलीच, पण रंग सुटला नाही. लोक त्यांच्या जुन्या गाड्यांचे फोटो देतात, मी त्यांच्या लहान प्रतिकृती करतो. तुमची स्प्रे गन दोन्ही हातांनी सांभाळावी लागायची. माझी पेनाएवढी आहे, तिला एअरब्रश म्हणतात. बाकी काम तेच.

औसा रोडवरच्या तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही माझ्या हातात पहिल्यांदा गन दिलीत, तो दिवस अजून दिसतो. ऑटोचं मडगार्ड तारेला टांगलेलं आहे. ओघळ येईल या एकाच भीतीनं मी गन लांब धरून नुसता शिडकावा करतोय. तुम्ही मागं उभे आहात. "अरे, रंग मारून राहिलास का नवरीवर अक्षता टाकून राहिलास?" सगळं गॅरेज हसलं. मडगार्ड वाळलं ते संत्र्याच्या सालीसारखं. त्या दिवशी जेवायला बसल्यावर तुम्ही ताट पालथं घातलंत आणि त्याच्या पाठीवर काकवी ओतलीत. आई म्हणाली, "रंग संपला का गॅरेजातला, माझी काकवी घ्यायला?" तुम्ही तिकडं लक्ष दिलं नाही. "बघ. हिला कुणी पसरवलं का? आपली आपण सपाट होती. पर पुरेशी द्यावी लागती. कमी दिलीस तर खडबड ऱ्हाती, जास्ती दिलीस तर ओघळती. मधली जागा लई बारीक हाय. भिणाऱ्याला ती घावत न्हाई." ते शेवटचं वाक्य मी इतकी वर्षं बरोबर घेऊन फिरलो. मी भिणारा होतो आणि आहे. कुलूप लावल्यावर परत जाऊन ओढून बघतो.

आता रंगावर चकाकीसाठी जे बिनरंगी क्लिअर मारतात, ते दोन भागांचं असतं. एका डब्यात क्लिअर, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मोजून मिसळले की ते आतल्या आत कडक व्हायला लागतं, परत फिरता येत नाही. वाळल्यावर काचेसारखं दिसतं. त्याची वाफ मात्र वाईट. तुम्ही नाकाला ओला रुमाल बांधायचात, आणि तुमचा खोकला मला आठवतो, म्हणून मी हवा गाळणाऱ्या दोन डबड्यांचा मास्क लावतो. आई म्हणते, "आला बघा माझा गणपती."

पहिल्यांदा ते मारलं ते उन्हाळ्यात. धूळ बसावी म्हणून तुमच्यासारखं फरशीवर पाणी शिंपडलं, खोली बंद केली आणि गरम होत होतं म्हणून कूलर लावला. वाळल्यावर बघतो तर चमक दुधाळ, आणि आत मोहरीहून बारीक बुडबुडे. मी मिश्रणाला दोष दिला, कंप्रेसर उघडला, हाताला शिव्या दिल्या. मग एकदा घाम पुसताना लक्षात आलं, की कूलरनं खोलीतली हवाच ओली केली आहे आणि हार्डनर ते पाणी पितंय. तुमची रीत चुकीची नव्हती, अप्पा. तुमचं शेड चारी बाजूंनी उघडं होतं. माझी खोली तशी नाही. आता मी आदल्या संध्याकाळी फरशी पुसून वाळू देतो आणि ऊन चढायच्या आत, कूलर बंद ठेवून काम करतो. ही रीत माझी आहे.

तर लोह्याचे काका. त्यांचा पहिला ट्रॅक्टर भंगारात गेला आणि त्यांना तो घरात परत हवा होता. खऱ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर त्यांच्या आईचं नाव होतं. ज्या पेंटरनं ते लिहिलं होतं, तो म्हातारा अजून आहे. काकांच्या हट्टाखातर त्यानं माझ्या बॉनेटवर तेच नाव, त्याच वळणात, तांदळाएवढ्या अक्षरांत लिहून दिलं. बॉनेट माझ्या हातात देताना म्हणाला, "आता दुसऱ्यांदा आणू नको बाबा. डोळे गेले. ह्ये कसं झालं, मलाच ठाव न्हाई." आणि क्लिअर मारायचं होतं त्याच नावावरून. पहिलाच थर भरपूर दिला तर अक्षरं विरघळून पसरणार. भीत भीत दिला तर वर संत्र्याची साल, आणि ती घासायला गेलो तर खालचं नाव निघण्याची भीती. दुसरं बॉनेट करता आलं असतं, दुसरं नाव नाही. किती तरी सकाळी मी मास्क लावला आणि काढून ठेवला.

परवा काढला नाही. आधी दोन हलके हात दिले, नुसती धुक्यासारखी पकड. ते चिकट होईपर्यंत थांबलो. मग शेवटचा ओला हात. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉनेटवर बघत गन जवळ नेली. आधी ते प्रतिबिंब पिंजलेल्या कापसासारखं होतं. मी सरकतो आहे, कापूस विरतो आहे, थोडं अजून, कड सरळ होते आहे, अजून, आणि एकाएकी ट्यूब जशीच्या तशी बॉनेटमध्ये उतरली. तिथंच बोट सोडलं. ओघळ नाही, साल नाही. खाली नावाची वेलांटीसुद्धा जागची हललेली नाही. मास्कच्या आत मी मोठ्यानं ओरडलो. आईला वाटलं, काही भाजलं.

आज काका येऊन बघून गेले. बराच वेळ हात मागं बांधून उभे राहिले. म्हटलं, "घ्या ना काका हातात."

"वाळू दे की. ओलं हाय अजून."

"वाळलंय, काका."

"मला येडा समजून राहिलास का? दिसून राहिलंय की ओलं." मी त्यांचं बोट धरून बॉनेटवर ठेवलं. त्यांनी बोट उचलून उलटं करून पाहिलं, काही लागलं नव्हतं. मग वाकले, आणि आपल्या आईचं नाव वाचता वाचता त्यांना त्यात स्वतःचा फेटा दिसला. तो त्यांनी सरळ केला. आई चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात थांबली.

इतकं सगळं लिहिलं ते खरं आहे, पण एक गोष्ट मी सारखी पुढं ढकलतो आहे. रंगाचं काम करताना तुम्ही नेहमी माझ्या मागं उभे असता. प्रत्येक वेळी ते अक्षतांचं वाक्य ऐकू येतं आणि हात आखडतो. परवा ती ट्यूब बॉनेटमध्ये उतरली तेव्हा तुम्ही मागं नव्हतात. मला तुमची आठवणच झाली नाही, अप्पा. काका गेल्यावर, कपबशा विसळताना झाली. तुमचा पत्ता असता तरी या एका ओळीपायी हे पत्र मी टाकलं नसतं.