ओवीने बांधलेलं घर

बुधवार, संध्याकाळ

ऑफिसातून शाहपुऱ्याला घरी आले, तर बहिणीच्या बाळासाठी विणत आणलेली पिवळी टोपी सगळी उसवलेली. किती जीव ओतला होता तिच्यात! दोन वर्षांच्या ओवीवर ओरडणारच होते. पण तिने ती पिवळी लोकर खुर्च्यांच्या पायांभोवती गुंडाळली होती आणि स्वतः मधोमध बसली होती.

"आई, माझं घल! अंदल ये!"

नवरा हसून म्हणाला, "केव्हाची खपतेय. मला हात लावू देत नाही."

म्हणजे विणताना मी असते, तशीच? नोकरीतून उरलेला, ओवीच्या वाट्याचा वेळ विणकामात जातो, म्हणून ते सोडायच्या विचारात होते मी. पण माझं पाहूनच ती असं रमायला शिकली; आता नाही सोडणार. वाकून आत शिरले. पाठ आखडली, पण ओवीने गालाला गाल लावला. टोपी काय, पुन्हा विणता येईल.