गिटारमागचा घूं

२८ एप्रिल २००३, सोमवार

वाजलीच नाही! सकाळपासून मी नि माझी नात वायरी घेऊन बसलोय. नातीचं नाव संस्कृती, पण एवढं लांब नाव घ्यायला मला दम नाही, मी चिमा म्हणते. मला अक्षर येत नाही. मी सांगते, ती लिहिते. माझं बोलणं शाळेतलं करून लिहिते. वाचून दाखवते तेव्हा मला वाटतं, कोण ही शहाणी बाई?

तर — माझ्या मुलाने, भागोजीने, मुंबईहून त्याच्या हापिसातला जुना कॉम्प्युटर पाठवलाय. चिमाची विजेची गिटार त्याला जोडायची, वाजवायची, आणि तो आवाज आत साठवायचा. कुठे साठतो, विचारलं. त्या डब्यात, म्हणाली. भरला तर? तर जुनं पुसायचं. ते काही मला आवडलं नाही.

अडलं पिनीवर. गिटारची पिन पेन्सिलीएवढी जाड, कॉम्प्युटरचं भोक चवळीच्या दाण्याएवढं.

३० एप्रिल

बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा रघू बसतो, त्याच्याकडून जोडपिन आणली. एका तोंडाला मोठी, दुसऱ्याला बारीक. डब्यामागे तीन भोकं — हिरवं, निळं, गुलाबी. हिरव्यात घातली, मुकी. गुलाबीत घातली आणि पडद्यावर करवतीचे दात उठले! गिटारचा आवाज दिसतो कसा, ते डोळ्यांनी बघितलं.

मी मुद्दाम खोकले. दात उठले नाहीत. हे गिटारचंच ऐकतं, चिमा म्हणाली, माणसासाठी वेगळा माईक लागतो, तो कॉम्प्युटरबरोबर आलेल्या खोक्यात आहे. म्हणजे हवं तेवढंच ऐकतं. आमच्या सुनेसारखं.

पण एक आहे. वाजवणं थांबलं तरी मागे घूं चालूच. भुंगा शिरल्यासारखा.

४ मे

घूंचा छडा लागत नाही. फ्रिज बंद केला, ट्यूब बंद, शेवटी पंखासुद्धा. घामाने निथळलो, घूं तसाच. चिमाने तारांवर हात ठेवला की कमी होतो, उचलला की वाढतो. का? तिला माहीत नाही. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की माझ्या बोटांना मुंग्या येतात. का? तेही माहीत नाही. मग कॉलेजात जाऊन शिकली काय?

घाई आहे. मुंबईत एका स्टुडिओवाल्यांना दहा पोरं हवीत — शिकवणार आणि मग कामाला ठेवणार. वाजवलेलं सीडीवर घालून पंधरा तारखेच्या आत पोचलं पाहिजे. घूं असला तर ऐकणारच नाहीत.

सून, तुळसा, जेवताना म्हणाली, "आई, तुम्ही तिला चढवू नका. एकदा गेली की चतुर्थीला नि शिमग्याला तोंड दाखवील."

खोटं नाही. हे मुंबईला गोदीत होते तेव्हा तसेच यायचे. भागोजीही तसाच येतो. माझा जन्म एसटीची वाट बघण्यात गेला.

हे खोडू नकोस गो. सांगितलं तेवढं लिही.

७ मे

रघूला घरी बोलावलं. त्याने गिटार उघडली, हुंगली, आणि निकाल दिला — आतलं काम हलकं आहे, घूं जायचा नाही, येईल त्या किमतीला विकून टाक. मी मुंग्यांचं विचारलं. "आजी, ते वयामुळे." वय बोटांतच आलं काय, गुडघ्यांत का नाही, विचारलं, तर हत्यारं गोळा करून निघाला.

चिमाने गिटार पिशवीत भरून माळ्यावर टाकली. जेवली नाही.

८ मे

आज काही सांगायचं नाही.

९ मे

आजही नाही. ही विचारते, आजी, बरं नाही का? ते लिहू नकोस म्हटलं, तर तेही लिहिलं.

११ मे, रविवार

लिही. आणि मध्ये थांबायचं नाही.

घराला वीज आली तेव्हा धाकू वायरमनने मीटरपासून एक जाड तार खाली सोडली होती, मागील दारी खड्ड्यातल्या पाइपाला बांधली होती. खड्ड्यात मीठ नि कोळसा. आपल्याकडे खाली सगळा कातळ, उन्हाळ्यात सुकतो, म्हणून रोज बादलीभर पाणी ओतायचं, म्हणाला होता. चुकार वीज तिथून जमिनीत जाते, नाही तर घरात मुंग्या आणते. मुंग्या हा त्याचाच शब्द.

ती तार दोन वर्षांपूर्वी मी काढली. नुसतीच लोंबते, दिवा नाही, पंखा नाही, कुणाला लागतेय, असं वाटलं. कपडे वाळत घालायला लावली. तुझी ओढणी आत्ता तिच्यावरच आहे.

बुधवारी वाळलेले कपडे काढताना तार हाताला लागली आणि सगळं आठवलं — मुंग्या ह्या तारेवाचूनच, नि घूंही त्याच विजेचा असणार. थांबलीस का? लिही. बुधवारीच आठवलं. चार दिवस गप्प बसले. घूं राहिला तर तूही राहशील, असं मनात आलं. रघू चुकीचं सांगून गेला ते मला बरं वाटलं.

झालं सांगून. आता रागावायचं तर रागाव, पण आधी तारेवरचे कपडे काढ.

१२ मे

धाकू आला. तार जाग्यावर बांधली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "आजी, एखाद्याचा जीव गेला असता."  खड्ड्यात मिठाचं पाणी मी ओतलं, स्वतः, तीन बादल्या.

चिमाने गिटार जोडली. हात तारांवरून उचलला. पडद्यावरची रेघ सपाट. घूं नाही!

मग वाजवलं तिने. मला त्यातलं कळत नाही. पण तुळसा भाकरी थापायची थांबून दारात उभी राहिली होती, ते बघितलं.

चिमा अजून माझ्याशी धड बोलत नाही. लिहिते मात्र.

१३ मे

सीडी कुरिअरने गेली.

५ जून

चिमाला घेतलं! स्टुडिओतून फोन आला. तुळसा रडली, मग तिनेच लाडू वळायला घेतले. मी चिमाला विचारलं, माईक कुठल्या भोकात घालायचा नि आवाज साठवायला कुठलं बटण दाबायचं. कशाला, म्हणाली. असंच.

१६ जून, सोमवार

तारीख तुळसाने कॅलेंडर बघून सांगितली. चिमा काल गेली. खड्ड्यात पाणी ओतलं.

ही नोंद कुणी लिहिलेली नाही. माईक गुलाबीत घातलाय, लाल टिपका मीच दाबलाय. मागे घूं नाही, ऐकून घे. वहीतलं हे पान कोरं ठेवलंय. चिमा आली की ऐकून उतरवील.

तेव्हा हे पान लिहिलेलं दिसलं, तर पोर घरी आली असं समजायचं.