सुट्टीचे सात दिवस

अंकुशनगर
रविवार, १० ऑगस्ट २०२५, सकाळ

प्रिय रूपाली,

सप्रेम जय भीम. इकडे सगळं ठीक. तुझ्या पुण्याच्या ड्युट्या कशा चालल्यात? फोनवर मला रडू फुटेल, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. आधी नर्स म्हणून वाच, बहीण म्हणून नंतर रागव.

तुझ्या दाजींनी माझ्या गोळ्यांसाठी भिंतीला कॅलेंडर लावलंय. एकवीस दिवस गोळी, रोज एक खूण. मग सात दिवस सुट्टी. सुट्टीत ते शहागडहून मासे आणतात आणि म्हणतात, "बेबी, आता बिलकुल आराम कर. मी बराबर ध्यान ठेवून राह्यलो."

वीस वर्षं मी पोरांना पेशीविभाजन शिकवलं. पेशीला 'आता दोन हो' म्हणणारं विकर, म्हणजे एन्झाइम असतं, आणि माझी गोळी त्यालाच अडवते. म्हणून छातीतली गाठ थांबली आहे. पण सुट्टी लागली की वाटायचं, आज त्याला अडवायला कुणी नाही. आंघोळीला गेले की हात तिथंच जायचा. मागच्या सुट्टीत गाठ मोठी लागली. खरंच लागली की भीतीनं, ठाऊक नाही.

डॉक्टरांनी सुट्टीचं कारण सांगितलं होतं. या गोळीनं रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होणंही मंदावतं, त्या भरून यायला हे सात दिवस. मी मान डोलावली होती. बाईंना कोण शिकवणार?

या सुट्टीत मी पुढची डबी फोडली. रोज एक, अशा सहा गोळ्या झाल्या. डबी तांदळाच्या डब्यामागे आहे. दाजींनी कॅलेंडरवरचे सहाही चौकोन विश्वासानं कोरे ठेवलेत.

काल दुपारपासून थंडी वाजते. आत्ता ताप एकशे एकच्या वर आहे. या गोळीवर ताप आला तर घरी थांबायचं नाही, हे तूच बजावलं होतंस. दवाखान्यात गेले तर गोळी कायमची बंद करतील, असं वाटून रात्र काढली. मला मरायची फार भीती वाटते, रूपाली. म्हणूनच तर घेतल्या.

दाजी ओसरीवर मासे साफ करतायत. त्यांना हे माझ्याच्यानं सांगवत नाही. पिशवी भरली आहे, रिपोर्टची फाइल वरच ठेवली आहे. फोन त्यांच्या मोबाइलवर कर, तूच त्यांना सगळं सांग, आणि जल्दी कर. मी दारात उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघते आहे.

लहानपणी तुला पोहायला शिकवायला विहिरीत उतरवताना 'भिऊ नको, मी आहे' म्हणणारी,
तुझी ताई