त्याच्या तोंडचं 'हो'

७ फेब्रुवारी
रविवार, दुपार

प्रिय ताईस,

धाकटीचा सलाम. भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणावं, ऐकणार नाहीत, तरी म्हणावं. इकडे आम्ही आहोत तसे आहोत. हे हल्ली जेवताना रेडिओ लावून बसतात, बोलावं लागू नये म्हणून. मी कामावर जायला लागले. चष्म्याच्या दुकानात मालकांनी मला गिऱ्हाइकांपुढे न बसवता आत काचा घासायला बसवलंय. बरंच केलं. मशीनच्या आवाजात रडलेलं कुणाला ऐकू जात नाही. काच तेवढी पुन्हा पुसावी लागते.

पोराच्या दफनाच्या दिवशी कब्रस्तानाच्या फाटकाशी तू मला विचारलंस, "तुमच्या चर्चच्या पाटीवरचा तो शब्द माझ्या भाच्यापेक्षा मोठा झाला का गं?" आणि उत्तराची वाट न बघता गाडीत बसलीस. आज लिहायला बसले, कारण सकाळी उपासनेनंतर त्याच शब्दावर आमच्या मंडळीची सभा झाली.

आमचे चिटणीस, ते निवृत्त कंपाउंडर, म्हणाले, "पाटीवरचं 'बॅप्टिस्ट' काढून टाकू. नव्या माणसाला ते कळत नाही. दारातूनच परत जातात." बऱ्याच माना डोलल्या. आमच्यात मत देताना पाळकांनाही एकच हात वर करता येतो, झाडू मारणाऱ्या मावशींना येतो तेवढाच. मावशीच बोलल्या, "नाव काढलं तर आपण कोण म्हणून सांगायचं?"

ताई, तुला-मला आबांनी त्यांच्या चर्चमध्ये तान्हेपणीच कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला. तू बोंबलून चर्च डोक्यावर घेतलंस आणि मी झोपले होते, म्हणून आबा मला "झोपेत ख्रिस्ती झालेली" म्हणायचे. लग्नानंतर मी इथल्या हौदात उतरून, 'माझा विश्वास आहे' असं स्वतःच्या तोंडानं सांगून पुन्हा बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते किती दुखावले, तुला आठवतं. "मी दिलं ते खोटं होतं का?" मी म्हटलं, "नाही आबा. ते तुम्ही दिलंत. हे मी घेतेय." तेवढ्या बोलण्यावरून त्यांनी वर्षभर माझ्या घरात पाऊल टाकलं नाही.

तू ज्याला उंट्या म्हणायचीस, तो माझा लेक याच चर्चमध्ये वाढला. तिथले पंखे, वायरी, माईक सगळं त्याच्या हाताखालचं. त्याच्या बरोबरीची पोरं एकेक करून हौदात उतरली, आणि हा काठावर टॉवेल घेऊन उभा. एकदा पाळकांनी विचारलं तर म्हणाला, "काका, माझं अजून तेवढं पक्कं नाही. सगळ्यांसमोर खोटं कसं बोलू?" पाळक म्हणाले, "मग नको बोलूस. थांब." त्यानंतर त्याला कुणी टोचलं नाही, की वेगळं वागवलं नाही. तू याला हेळसांड म्हणालीस.

मग रक्ताचा तो आजार. तो गुंगीत पडलेला असताना तू माझा हात धरून म्हणालीस, "ओंजळभर पाणी आणि दोन शब्द. त्याला कळणारसुद्धा नाही." मी धावत पाळकांकडे गेले. ते रडले गं. म्हणाले, "तुम्ही म्हणत असाल तर आत्ता येतो. पण मी विचारणार, तुझा विश्वास आहे का? त्याच्या वतीने उत्तर कोण देणार?" मी तशीच परत आले. नियमाला घाबरून आले, असं तुला वाटतं. वाटू दिलं.

पण तेवढंच झालं नाही, ताई. हे मी यांनाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू औषधं आणायला खाली गेली होतीस. त्यानं डोळे उघडले. अगदी स्वच्छ नजर. म्हणाला, "मावशी केवढी घोरते गं." मला हसू आलं, आणि हसता हसताच मी विचारून टाकलं, "बाप्तिस्मा घ्यायचाय का रे?"

"तुला बरं वाटेल? मग हो म्हणतो."

"तुझ्या मनात आहे का?"

"माहीत नाही. मागतो देवाकडे कधीकधी. पण पक्कं नाही, आई. तुझ्यासाठी म्हणतो ना."

ताई, ते 'हो' माझ्या हाताशी होतं. एक फोन केला असता तर पाळक आले असते, आणि तूही निश्चिंत झाली असतीस. मी म्हटलं, "माझ्यासाठी नको, राजा."

तो सुटल्यासारखा हसला. "बरं झालं. तू हो म्हणशील अशी भीती वाटत होती." मग माझं बोट धरून झोपला. पहाटे गेला.

आज सभेत मी उभी राहिले. म्हटलं, "माझ्या मुलाला इथे कुणी ढकललं नाही. मरतानासुद्धा नाही. देवापुढे ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं बोलायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ मला कळतो. तो अवघड आहे म्हणून काढायचा असेल तर काढा." आणि खाली बसले. चिटणिसांनी आपला ठराव मागे घेतला. शब्द राहिला. बायका येऊन गळ्यात पडल्या, मला मात्र काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. घरी आले तर त्याचा पलंग रिकामाच होता.

कधी वाटतं, आईनं खोटं 'हो'सुद्धा पदरात घ्यायला हवं होतं. तो आता कुठे आहे, असं तू विचारशील. मला सांगता येत नाही. तो देवाशी खोटं बोलला नाही, आणि मी त्याला बोलायला लावलं नाही, एवढं माहीत आहे. देव माझ्याहून कठोर असेल असं मन मानत नाही. एवढ्याच आधारावर सकाळी उठते.

तू रागावशील. रागाव. पण इथे येऊन, माझ्यासमोर बसून रागाव. पत्रातून नको.

तुझी धाकटी,
आणि आपल्या पोराचं शेवटचं 'हो' परत केलेली
त्याची आई