फुलाबाईचा निरोप

मी, उल्का संजीव गर्गे, वय बाहत्तर, मूळ गाव नाशिक, सध्या मुक्काम अल वक्रा, कतार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब गोळीमुळे ताब्यात आहे. कोणी मला धमकावलेले नाही, भुलवलेलेही नाही. राग मात्र आलेला आहे. तो दिवाळीआधी आला आणि संक्रांत होऊन गेली तरी उतरला नाही, तेव्हा हे म्हातारीचे तात्पुरते चिडणे आहे असे वाचणाऱ्याने समजू नये. माझा मुलगा कैवल्य याने लॅपटॉपवर तयार करून माझ्यापुढे सहीला ठेवलेले आधीचे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यात चूक एकही नव्हती, पण मीही त्यात कुठे नव्हते.

कलम १. नाशिकची गंगापूर रोडवरील सदनिका, सामानसुमानासह, कैवल्य आणि माझी मुलगी चैत्राली या दोघांना सारखी मिळावी. माझे पती कै. संजीव यांनी मेसईदच्या खत कारखान्यात देखभाल विभागात हाडे झिजवली आणि मी दोह्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल होते, त्यातून ती झाली. रागाच्या भरात मुलाला घराबाहेर काढणारी आई मी नाही. घर म्हणजे काय ते मला माहीत आहे आणि पुढचे सगळे त्याचबद्दल आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक दोघांनी वाटून घ्यावी, त्यावरून भांडू नये. संजीव यांची पान्यांची पेटी चैत्रालीला द्यावी. कैवल्य बल्ब बदलायलाही माणूस बोलावतो, त्याला ती पेटी दिली तर ती गॅलरीत गंजेल. बांगड्या आणि मोहनमाळ चैत्रालीची. मोरपंखी पैठणी माझ्या धाकट्या जाऊबाईंनी एका लग्नापुरती नेली होती, ती आता त्यांच्याकडेच राहू द्यावी. मागून मागून माझे तोंड दुखले. मात्र ती त्यांना भेट मिळाली असे त्यांनी चारचौघांत सांगणे बंद करावे.

कलम ३. आता मुख्य मिळकत. ही कोणत्याही उताऱ्यावर चढलेली नाही आणि तिची किंमत कोणी केलेली नाही. ती म्हणजे माझा आवाज.

अमेरिकेत दर अध्यक्षामागे एक ग्रंथालय उभे राहते. त्यात पुस्तके थोडी, कागदपत्रे, फोटो आणि ध्वनिमुद्रणे फार. त्या अध्यक्षाला ज्यांनी पाहिले, ज्यांनी त्याच्याबरोबर काम केले, ज्यांनी त्याला जेवू घातले, त्यांना बोलते करून त्यांच्या आठवणी जपतात. याला मौखिक इतिहास म्हणतात. मी जन्मभर पुस्तकांना क्रमांक घातले आहेत, मला या कामाचा आदर आहे. नसता तर एवढा संतापही झाला नसता.

एकोणीसशे साठच्या आगेमागे तिथले एक अध्यक्ष दिल्लीला आले. आम्ही तेव्हा दिल्लीत होतो. वडील एका सरकारी कचेरीत कारकून होते. स्वागताच्या कमानीखाली पाहुण्यांना हार घालायला वडिलांच्या साहेबांची मुलगी ठरली होती. तिला गोवर निघाला आणि मी सहा वर्षांची, जवळपास तिच्याच उंचीची, म्हणून तिचा फ्रॉक मला चढवला. तो मागून टाचण्यांनी आवळला होता आणि त्यातली एक टाचणी मला दिवसभर टोचत होती.

हार फुलाबाईने केला होता. ती आमच्या नाशिककडची. नवऱ्याबरोबर बांधकामावर दिल्लीला आली, नवरा गेला, मग ती रस्त्याच्या कडेला झोपडीत राहून हार विकू लागली. गणपतीत आमच्या मराठी मंडळाचे हार तिचेच असत. सकाळी वडील मला घेऊन हार आणायला गेले तर झोपडी नव्हती. तिच्या शेजारच्याही नव्हत्या. पाहुण्यांचा रस्ता चांगला दिसावा म्हणून आदल्या दिवशी सगळी ओळ पाडली होती, आणि बरोबर फुलाबाईच्या जागेवर स्वागताची कमान उभी होती. ती स्वतः समोरच्या कडुनिंबाखाली आपल्या गाठोड्यावर बसली होती. हार ओल्या फडक्यात गुंडाळून तयार होता. घर गेल्यावरही तिने तो पुरा केला, कारण ऑर्डर घेतली होती.

वडिलांनी ठरलेले पैसे मोजून दिले. कारकून माणूस, आणखी काय करणार. फुलाबाईने मला जवळ घेतले, हार दोन्ही हातांनी धरायला शिकवले आणि म्हणाली, "बाय, पाव्हण्याला माझा येवढा निरोप सांग. म्हन, इथं घर होतं."

मी सांगितला. हे मी या दस्तात स्पष्ट नमूद करते. कमानीखाली लाल जाजम अंथरले होते आणि मला उभे केले होते तिथे जाजमाखाली उंचवटा होता. ती फुलाबाईची चूल होती. पाडणाऱ्यांनी भिंती नेल्या, चुलीची माती तशीच दडपली. त्या उंचवट्यावर उभी राहून, टाचा उंचावून, मी पाहुण्यांच्या गळ्यात हार घातला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "इथं घर होतं." त्यांना मराठी कळण्याचे कारण नव्हते. ते हसले, माझ्या गालाला हात लावला आणि पुढे गेले. तेवढ्यात फोटो निघाला. त्या फोटोत माझे तोंड उघडे आहे.

तोच फोटो आमच्या घरात भिंतीवर होता आणि तोच, मला पत्ता नसताना, त्या ग्रंथालयात होता. दोन वर्षांपूर्वी चैत्रालीला तो इंटरनेटवर सापडला. खाली लिहिलेले होते की एक अज्ञात भारतीय मुलगी स्वागतगीत गात आहे. मी गात नव्हते. मला गाता येतच नाही, हे इथल्या मराठी मंडळातले कोणीही शपथेवर सांगेल. चैत्रालीने त्यांना कळवले आणि त्यांच्याकडच्या एका सभ्य, शांत मुलीने संगणकावरून माझी मुलाखत घेतली. मी इंग्रजीत बोलले. फुलाबाईचे वाक्य मात्र मराठीतच म्हटले आणि मग अर्थ सांगितला. त्या मुलीने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले. त्या दिवशी मला वाटले की चला, निरोप पोचला.

त्यांच्या कामाची रीत अशी, की मुलाखत टाइप करून बोलणाऱ्याकडे पाठवतात. त्याने ती वाचावी, हवे ते खोडावे, दुरुस्त करावे आणि मान्यता द्यावी. एकदा मान्य झाली की तीच खरी. अभ्यासक तीच वाचतात, आवाज ऐकत बसायला कोणाला वेळ नसतो.

आणि आमची इथली रीत अशी, की मुलाच्या आधाराने राहणाऱ्या आईबापांचे सगळे व्यवहार मुलाच्या फोनमधून होतात. माझा निवास परवाना त्याच्या नोकरीवर, माझी बँक त्याच्या बोटावर, दवाखान्याची वेळ तो घेतो, ईमेल तो उघडतो. प्रत्येक गोष्टीला खात्रीसाठी जो क्रमांक येतो तो त्याला येतो. आम्ही सगळ्या जणी हे कौतुकाने सांगतो, की मुलगा फार करतो हो. करतो, यात शंका नाही. माझी मुलाखत रास लफानच्या गॅस प्रकल्पातून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसून त्यानेच वाचली, त्यानेच खोडली आणि माझ्या नावाने त्यानेच मान्य केली.

हे मला नातीकडून कळले. अनुष्काला अमेरिकेत शिकायला जायचे आहे, त्या अर्जासोबत आजीवर निबंध लिहायचा म्हणून तिने ग्रंथालयाच्या साइटवर मुलाखत उघडली. मराठी तिला सगळी समजते, बोलते इंग्रजीतच. त्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि मराठीत म्हणाली, "आजी, फुलाबाई कुठे गेली?"

मला वाटले, ती नंतर कुठे राहायला गेली असे विचारते आहे. मी म्हटले, माहीत नाही बाळा, आम्ही पुन्हा गेलो तेव्हा कडुनिंबाखाली कोणी नव्हते. मग तिने मला स्क्रीन दाखवला. फुलाबाई मुलाखतीतच नव्हती. झोपडी नव्हती, चूल नव्हती, निरोप नव्हता. त्या जागी होते: रस्ता अत्यंत सुंदर सजवला होता. मी स्वागतगीत म्हटले. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा दिवस होता. ही वाक्ये माझ्या नावावर जमा आहेत आणि त्यातले एकही माझे नाही.

कैवल्यला विचारले. तो चिडला नाही, मला चहा करून दिला. म्हणाला, "आई, ऐकायला निगेटिव्ह वाटत होतं. अनुष्काचं अ‍ॅडमिशन आहे, माझ्या ऑफिसात अमेरिकन लोक आहेत. आणि ती बाई आता कुठे आहे वाचायला?"

ती वाचायला नाही, म्हणूनच लिहून ठेवायचे असते. एवढी साधी गोष्ट मला ज्याच्या शिक्षणासाठी आम्ही आयुष्य या वाळूत काढले त्याला सांगावी लागली. ज्यांनी झोपड्या पाडल्या त्यांनाही रस्ता निगेटिव्ह दिसायला नको होता. त्यांनी दिल्लीत केले ते माझ्या मुलाने कागदावर केले, आणि ते करताना माझी सही वापरली. याचा मला जो संताप आहे तो मी माझ्याबरोबर चितेवर नेणार नाही, इथेच ठेवून जाणार आहे.

मी ग्रंथालयाला लिहिले. उत्तर नम्र होते. दुरुस्ती करता येईल, कृपया नोंदणीकृत फोनवर आलेला क्रमांक कळवा. तो फोन कैवल्यचा. कैवल्य म्हणतो, बघू, इन्शाल्ला. घाईत त्याने आणखी एका चौकोनात खूण केली होती: मूळ ध्वनिमुद्रण बोलणाऱ्याच्या मृत्यूपर्यंत बंद. त्याला वाटले असेल की बंद म्हणजे खलास. पण त्यांच्या नियमाप्रमाणे मी गेल्यावर ते कोणालाही ऐकता येईल, आणि ज्याला मी मृत्युपत्राने नेमेन त्याला मुलाखतीला पुरवणी जोडता येईल. माझ्या मरणाने निदान एक कुलूप उघडणार आहे, तेव्हा उगाच रडारड नको.

कोणी म्हणेल, उल्काताईंना मेसईदचे क्वार्टर सोडल्याचे दुःख आहे, ते त्या असे काढतात. मंडळात एकीने तसे म्हटलेही. आमचे ते क्वार्टर पाडले, आता तिथे गाड्या उभ्या राहतात, हे खरे. पण आम्हाला आधी नोटीस आली होती, सामान न्यायला ट्रक आला होता आणि निरोपसमारंभात केक कापला होता. फुलाबाईला यातले काय मिळाले? दोन्ही गोष्टी एका तराजूत घालणाऱ्यांनी माझ्या तेराव्याला जेवायला येऊ नये.

कलम ४. सबब, माझ्या मुलाखतीचे सर्व हक्क, माझ्या फोनमधली तिची प्रत आणि भिंतीवरचा फोटो मी माझी नात अनुष्का कैवल्य गर्गे हिला एकटीला देते. ती सज्ञान आहे. या कलमापुरती तीच माझी व्यवस्थापक. कैवल्यने यात सल्ला देऊ नये, मदत करू नये आणि तिचा फोन हातात घेऊ नये. अनुष्काने ग्रंथालयाला कळवावे की फोटोतली मुलगी गात नाही. फुलाबाईचे वाक्य तिने स्वतःच्या आवाजात, मराठीत, ध्वनिमुद्रित करून जोडावे. हे कलम लिहिण्याआधी मी तिच्याकडून ते म्हणवून घेतले. तिचा 'घ' अजून 'ग'कडे झुकतो. झुकू दे, सहा वर्षांच्या मुलीचा निरोप तिसऱ्या पिढीच्या तोंडून जातो आहे, एवढा फरक पडणारच. या पुरवणीमुळे तिचा प्रवेश हुकला तर मी देवाघरून जबाबदार आहे. पण तसे होईल असे मला वाटत नाही, कारण निबंध तिने फुलाबाईवरच लिहिला आहे. बापाला अजून दाखवलेला नाही.

कलम ५. कैवल्यला एक वस्तू वेगळी देते. फोटोच्या मागे माझ्या आईने त्या हारातले एक फूल चिकटवून ठेवले होते. त्याचा आता नुसता देठ उरला आहे. तो त्याने आपल्या पाकिटात ठेवावा. मी त्याला माफ केले आहे का, असे शेजारच्या हमिदाने हे वाचून विचारले. अजून नाही. पुरवणी जोडली गेली की झाले असे त्याने समजावे.

कलम ६. माझे अंत्यसंस्कार कतारात किंवा नाशिकला, जे सोपे पडेल तिथे करावेत. मागाहून माझा फोटो मांडाल आणि त्याला हार आणायला धावाल, हे मला माहीत आहे. इथे तो विमानाने येतो, तिथे कोपऱ्यावर मिळतो. जिथून आणाल तिथे, पैसे देण्याआधी, तो ओवणाऱ्या बाईला तिचे नाव विचारा आणि ती कुठे राहते ते विचारा. तिने सांगितले तर हार घाला. तिला सांगण्यासारखे घर नसेल, तर माझा फोटो तसाच राहू द्या.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खोडाखोड न करता पुरे केले. खाली माझी सही आहे. ती मीच केली.

उल्का संजीव गर्गे

साक्षीदार १: हमिदा अश्फाक मुकादम, मूळ रत्नागिरी, शेजारीण. उल्काताईंनी माझ्यासमोर सही केली. त्या रागात होत्या, पण पुऱ्या शुद्धीत होत्या.

साक्षीदार २: डॉ. पियूष वैशंपायन, मूळ पुणे. तपासले. वरील साक्षीशी सहमत.

ठिकाण: अल वक्रा, कतार
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२६