पांढऱ्या नखांवर गुलाबी

दारव्हा, गुरुवार संध्याकाळ

आज पार्लरमध्ये एक आई पोरीला घेऊन आली. उद्या दिग्रसचे पाहुणे पोरीला पाहायला येणार, म्हणून नखं रंगवायची होती. नखं पांढरीफटक, मधे चमच्यासारखी खोलगट. घासताना कडा तुटत होत्या.

मी म्हटलं, "काकू, हिच्या अंगात रक्त कमी दिसते. आधी डॉक्टरले दाखवा."

"दाखवू ना, सोयरीक होऊ द्या. आत्ताच कायले बोभाटा करता?"

पोरीनं जांभई देत हात पुढे केला.

मी नाही म्हणायचं होतं का? दुसरीकडे गेल्या असत्या. त्या खोलगट नखांत पॉलिश साचत होतं. तरी गुलाबीचे दोन थर दिले.

"पाहा, झाले ना बरे!" आई खूश.

पोरीला खुर्चीतच झोप लागली होती. हलवून उठवावं लागलं.